चार इंचांची तार

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला ठाऊक आहे, पण तिच्याशीही त्यावर पुन्हा शब्द काढला नाही. तुम्हाला सांगतोय — जरा अडखळत सांगेन.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. तंजावरात एसीच्या गाड्या नुकत्या दिसू लागल्या होत्या आणि मी एक जुनी घेतली होती. मे महिन्यात तिचा एसी चालूच होईना. वर्कशॉपातल्या सेल्वमने मीटर लावला. मी आकडे टिपत गेलो — सवयच ती. फ्यूजपाशी बारा व्होल्ट. प्रेशर स्विचच्या अलीकडे बारा, पलीकडे शून्य.

"गॅस गळालाय, सार," तो तमिळमध्ये म्हणाला. "म्हणून स्विचने करंट तोडलाय. गळती सापडेपर्यंत एसी लावू नका. कॉम्प्रेसर जाईल."

हेही मी टिपून घेतलं. मग कळलं नव्हतं, असं कुठल्या तोंडाने म्हणू?

रविवारी पापनाशम गावची माणसं आमच्या मुलीला लग्नासाठी बघायला आली. परत मी गाडीने सोडणार होतो. त्यांना घामाघूम कसं न्यायचं? — मी तांब्याची चार इंच तार घेतली, स्विचचा प्लग काढून त्यातली दोन टोकं तिने जोडली, म्हणजे करंट स्विचला वगळून थेट जाईल. बायको बघत होती. एसी लागला! अकरा किलोमीटर चालला. मग कर्कश आवाज, पट्ट्याचा धूर. कॉम्प्रेसर जाम. पाहुणे बसने गेले. मी तार उपटून कालव्यात टाकली.

सोमवारी गाडी ओढत वर्कशॉपात नेली, बायकोही बरोबर होती. मालकाने विचारलं, शेवटचा हात कुणाचा लागला?

सेल्वमचा, मी म्हणालो. त्यानेच काहीतरी जोडलं असणार. किती सहज निघालं तोंडातून! — माझाच आवाज ऐकून मी चरकलो.

"अहो, तार तुमीच की लावली?" बायको आमच्या मराठीत म्हणाली.

"गप रहा. यांना काय कळतंय!"

आम्ही इथली मराठी माणसं असंच करतो — दुकानात, बसमध्ये, चारचौघांत लपवायचं ते आपल्या भाषेत खुशाल मोठ्याने बोलतो.

सेल्वम मान खाली घालून उभा होता. मालकाने त्याला तिथल्या तिथे कामावरून काढलं. त्याने हात पुसले, माझ्याजवळ आला आणि मराठीत — अगदी आमच्या घरातल्या मराठीत — म्हणाला, "काका, आई माझी तुमच्याच गल्लीत मराठी घरांत कामाला होती. गळती पायपाच्या जोडातल्या रबरी रिंगेतनं आहे. नवा कॉम्प्रेसर बसवायच्या आधी ती बदला. नाहीतर तोही जाईल."

त्याने सगळं ऐकलं होतं. सगळं! आणि तरी मला रिंगेचं सांगत होता?

तो फाटकापर्यंतही पोचला नव्हता. हाक मारली असती तर थांबला असता.

"काय म्हणाला तो?" मालकाने विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो.