परमुलखातली इर्जिक

दक्षिण सुदानमधल्या तळावर आमची कंपनी पोहोचली तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले होते. मी तेव्हा हवालदार होतो. शांतिसेनेचं काम, निळी टोपी, एक वर्षाची पोस्टिंग. धारूरच्या डोंगरातून भरती झालेला माणूस मी. परदेश म्हणजे बर्फ आणि काचेच्या इमारती, एवढंच डोक्यात होतं. ट्रकमधून उतरलो तर समोर बाभळी, कोरडा ओढा आणि हातपंपावर रिकामे कॅन रांगेत लावून बसलेल्या बाया. शेजारी नायक भागवत उभा होता, गेवराई तालुक्यातल्या चकलांब्याचा. त्याने चहूकडे पाहिलं आणि म्हणाला, "दादा, विमानात बसवून परत गावालाच आणून सोडलं की आपल्याला!"

पाचला स्टँड-टू, म्हणजे हत्यारं घेऊन मोर्चावर सज्ज, सहाला पेट्रोलिंग, दुपारी शस्त्रांची सफाई. संध्याकाळी तासभर मोकळा. गाव तळापासून चारशे मीटरवर होतं आणि गावाशी ओळख ठेवणं हा ड्यूटीचाच भाग होता. भागवतला ही ड्यूटी फार मानवली. त्याचे आईबाप दरवर्षी ऊसतोडीला जायचे, त्याचं बालपण फडावरच्या पाचटाच्या बुटक्या कोप्यांमध्ये गेलेलं. या गावातल्या गवती झोपड्यांची दारंही तशीच बुटकी होती. आमचे बाकीचे जवान पहिले आठ दिवस कपाळं फोडून घेत होते, हा पठ्ठ्या पहिल्याच दिवशी बरोबर वाकून आत गेला आणि घरच्यासारखा भिंतीला टेकून बसला. आमच्याकडचे निजामाच्या वेळचे शब्दही तिथे कामी आले. साबून आणि किताब तिथल्या अरबीतही तेच. एवढ्या भांडवलावर भागवत तासन्‌तास गप्पा मारायचा. उरलेलं आमचा दुभाषा जेम्स सांभाळून घ्यायचा.

माझी दोस्ती जमली ती माजोकशी. गावचा म्होरक्या, साठीचा, साडेसहा फुटी, आणि जनावरांवर जीव टाकणारा. माझे वडील गावच्या दूध सोसायटीचे चेअरमन होते, त्यामुळे गुरांच्या गोष्टींना मला तोटा नव्हता. पण आम्ही बैलाला नांगराला जुंपतो हे ऐकून तो हबकलाच. त्यांच्यात बैल मिरवायचा आणि त्याच्यावर गाणी रचायची.

"कामाला लावता? मग त्याच्यासाठी गाणं कोण म्हणतं?" त्याने जेम्सकरवी विचारलं.

"वर्षातून एकदा सजवतो. पुरणपोळी खाऊ घालतो," मी म्हणालो.

"एकदाच?"

मला खरंच लाज वाटली. त्या दिवसापासून मी त्याच्या बैलांची नावं पाठ करायला लागलो.

त्यांच्याकडेही सलग दुसरं वर्ष पाऊस नव्हता. मार्चमध्ये गावचा तो एकुलता हातपंप बंद पडला. दांडा वरखाली व्हायचा, पाणी येत नव्हतं. तळाचा टँकर लांबून पाणी आणायचा आणि ते आम्हालाच मोजून मिळायचं. त्यातलं काही आम्ही दिलं. माणसांचं भागलं, गुरांचं भागेना. नदी दोन दिवसांच्या चालीवर होती आणि नदीकाठी गुरं पळवणाऱ्या हत्यारबंद टोळ्या होत्या. आदल्या वर्षी पाण्यासाठी तिकडे गेलेल्यांपैकी माजोकचा थोरला मुलगा परतला नव्हता. मेकॅनिक यायला दहा दिवस लागणार होते.

"तीन दिवस थांबतो. चौथ्या दिवशी गाव उठवून नदीकडे नेतो," माजोक म्हणाला. आवाज न चढवता म्हणाला, म्हणून मला जास्तच धास्ती वाटली.

भागवत पंपाभोवती दोन फेऱ्या मारून आला. "दादा, ह्यो आपल्याकडचाच पंप हाय. आतला रॉड तुटला असंल, न्हाईतर वायसर गेलं असंल. चकलांब्यात दुष्काळात आमी पोरांनी चारदा पाइप काढलेत. फकस्त माणसं पायजेत."

आमच्या कंपनीच्या मेजर साहेबांनी परवानगी दिली. "एक दिन. उससे ज़्यादा नहीं."

इथे भागवतने घोळ घातला. आमच्याकडे इर्जिक असते. एकट्याला न उरकणारं काम असलं की ज्याचं काम तो गावाला हाक मारतो, सगळे येतात, दिवसभर राबतात आणि हाक मारणारा त्यांना पोटभर जेवू घालतो. भागवतने हे सगळं हातवारे करून माजोकला समजावलं. माजोकचा चेहरा खुलला. त्यांच्यातही हीच रीत होती. त्याने लगेच ढोल वाजवायला माणूस धाडला.

सकाळी सव्वासहाला आम्ही पंपावर पोहोचलो तर अख्खं गाव हजर. म्हातारे, बाया, शेजारच्या वस्तीवरचेही. जेम्स माझ्या कानाशी लागला. "सर, ते विचारतात, जेवण किती वाजता?"

"कुणाचं जेवण?"

"ज्याने हाक मारली त्याने द्यायचं असतं."

मी भागवतकडे पाहिलं. भागवत आभाळाकडे बघत होता.

"कामून बोललास रे?" मी म्हणालो.

"तोंडातून निघून गेलं, दादा. आता न्हाई कसं म्हणावं?"

मी एका जवानाला लंगरकडे, म्हणजे तळाच्या स्वयंपाकघराकडे, तांदूळ मागायला पिटाळलं आणि काम सुरू झालं. पंधरा पाइप, प्रत्येकी दहा फुटांचा. चार पाइप ठीक निघाले. साडेनऊच्या सुमाराला पाचवा वर येत असताना क्लॅम्प सरकला आणि सगळी लड फूटभर खाली गेली. ती बोअरमध्ये पडली असती तर गाव उठलंच असतं. भागवतने हातातला पाना टाकून पाइपला सोल, म्हणजे जाड दोर, लपेटला, उसाची मोळी आवळावी तशी गाठ मारली आणि ओरडला, "धरा! सोडू नका!" गावातल्या कुणालाच मराठी कळत नव्हती, पण साठेक हातांनी सोल धरला. माजोक पुढून पहिला होता. मी त्याच्या मागे. पाच मिनिटं सगळ्यांनी टाचा रोवून धरलं. क्लॅम्प पुन्हा बसला.

तेवढ्यात रेडिओ वाजला. मेजर साहेब होते.

"हवलदार, सिचुएशन? ओव्हर."

"सर, चार पाइप ऊपर, ग्यारह नीचे. ओव्हर."

"और ये लंगर में चावल कौन माँग रहा है? ओव्हर."

"सर... इर्जिक है. ओव्हर."

रेडिओ खरखरला. मग, "खिचड़ी भेज रहा हूँ. आउट." मेजर साहेब हरियाणाचे होते. इर्जिक म्हणजे काय ते त्यांना कळलं नसणार, पण भूक कळली.

रॉड शाबूत निघाला, चामड्याचं वायसर मात्र झिजून गेलं होतं. स्पेअर नव्हतं. माजोक उठून घरी गेला आणि एक जुनं कातडं घेऊन आला. त्याच्या लाडक्या, मेलेल्या बैलाचं. त्यावर तो रोज झोपायचा. त्याने स्वतःच सुरीने कोपरा कापून दिला. भागवतने वायसर कापलं, तेलात भिजवून बसवलं, आणि चार वाजून वीस मिनिटांनी पाणी आलं. आधी तांबूस, मग स्वच्छ. बायांनी असा काही आवाज काढला की तळावरचा संत्री सावध झाला. भागवतला उचलून नाचवलं. तो वरून मलाच ओरडत होता, "दादा, खिचडी उरली का बघा!"

गाव उठलं नाही.

मे महिन्यात, सकाळी आठ वाजून दहा मिनिटांनी, आमच्या कॉन्व्हॉयवर झाडीतून फायर आला. पुढच्या गाडीत नायक भागवत होता. तो जागीच गेला. दुसरं कुणी जखमी झालं नाही.

त्या दुपारी लंगर पेटला नाही. कुणी हुकूम दिला नव्हता, तरी पेटला नाही. एकच्या सुमाराला गेटवर माणसं दिसली. माजोक पुढे, मागे बाया, डोक्यावर मडकी. आत शिजवलेली ज्वारी होती, आमच्याकडे चूल न पेटलेल्या मयताच्या घरी शेजारी कडू घास नेतात तशी. त्यांच्यात तेव्हा एक वेळचं जेवण चाललं होतं, हे मला माहीत होतं. त्या आमच्यासमोर जमिनीवर बसल्या आणि प्रत्येकाने घास घेईपर्यंत उठल्या नाहीत. मेजर साहेबांनी पहिला घास घेतला.

सुट्टीवर आल्यावर मी चकलांब्याला गेलो. भागवतच्या आईने पाणी दिलं, समोर बसली, आणि सगळं ऐकून घेऊन एकच गोष्ट विचारली.

"तितं कडू घास कुणी आणला रे, बाबा?"

"गावातल्या बायांनी, मावशी. ज्वारी शिजवून आणली होती."

"ज्वारी?" तिने दोनदा विचारलं. मग पदराने डोळे पुसले. "मंग माझं लेकरू परक्यात न्हाई गेलं."

आम्ही दोघंही रडलो, आणि मग तिने मला जेवायला वाढलं.