एल्मेरीदच्या शेवटच्या एकतीस गायी

हिल्डिंगला "कसा आहेस?" असं विचारलं की तो गायी कशा आहेत ते सांगायचा. "पायाला सूज होती, आता उतरली," असं तो म्हणाला की सूज मायरूस या गायीच्या पायाची होती हे आपण ओळखायचं. आम्हा एल्मेरीदकरांना ते सवयीचं होतं. नव्या आलेल्या पाद्रीबाईंना नव्हतं. "पहाटे तीनला सुटका झाली, जुळी आहेत," हे त्याच्या तोंडून ऐकल्यावर त्या सत्तरीच्या विधुराकडे त्यांनी ज्या नजरेने पाहिलं, ती नजर आम्ही दोन हिवाळे पुरवून वापरली.

हिल्डिंग उंच, किडकिडीत, आणि अंगाला कायम वैरणीचा वास. त्याची बायको गुनवोर गेली त्या दिवशीही त्याने दोन्ही वेळच्या धारा काढल्या. यावर काही बायका बोलल्या. पण गायींना दुखवट्याची रजा समजत नाही, आणि हिल्डिंगला गायींखेरीज रडायला दुसरी जागा नव्हती, हे त्या बायकांनाही नंतर पटलं.

त्याच्या तरुणपणी आमच्या परिसरात चौदा गोठे होते. दूध संघाचा टँकर सकाळी शिरायचा तो दुपारी बाहेर पडायचा. मग एकेक गोठा बंद होत गेला. एकाचं गॅरेज झालं, एकात जर्मन कुटुंब उन्हाळ्यापुरतं राहायला येतं, एकात एक गृहस्थ मातीची भांडी करतात आणि ती कोणी घेत नाही. उरला हिल्डिंग. त्याच्या एकतीस गायींसाठी तो भला थोरला टँकर दिवसाआड अकरा किलोमीटर जंगल तुडवत यायचा. म्हणजे लग्नाची वरात निघावी आणि वऱ्हाडात एकच मामा असावा, तसं.

फेब्रुवारीत दूध संघाचं पत्र आलं. फार गोड भाषेत होतं, तेव्हाच आम्ही समजलो. संघ टँकर चालू ठेवायला तयार होता. मात्र पाच वर्षांचा करार हवा, आणि त्यावर हिल्डिंगच्या सहीशेजारी पासष्टीच्या आतल्या, गोठा पुढे चालवणाऱ्या माणसाची सही हवी. जूनच्या एक तारखेपर्यंत.

असं माणूस जगात एकच होतं. इल्वा, त्याची एकुलती मुलगी. वय चव्वेचाळीस, येन्शोपिंग शहरात दातांच्या दवाखान्यात कामाला. हात चांगला, लहानपणी रुसलेली गाय तिलाच पान्हा सोडायची.

आता कोणी म्हणेल, मग बापाने मुलीला सरळ विचारावं. पण आमच्याकडे सरळ विचारणं म्हणजे टॉवेल गुंडाळून लोकांच्या दारात जाण्यासारखं आहे. हिल्डिंगने फोन केला आणि गोठ्याचं छप्पर अजून वीस वर्षं सहज टिकेल, असं सांगितलं. इल्वा म्हणाली, छान. पुढच्या आठवड्यात त्याने कळवलं की वरची खोली रंगवून घेतली, खिडकीतून कुरण पूर्ण दिसतं. तेव्हाही ती म्हणाली, छान. तिसऱ्या फोनला त्याने पत्रच वाचून दाखवलं. विचारलं काहीच नाही, फक्त वाचलं. ती म्हणाली, गायी सोडायच्या दिवशी येते, तेव्हा बोलू.

गायी सोडायचा दिवस म्हणजे एप्रिलचा शेवटचा शनिवार. हिवाळ्याचे सहा महिने गोठ्यात कोंडलेल्या गायी त्या दिवशी पहिल्यांदा गवतावर येतात, आणि सहाशे किलोचं ते धूड चारी पाय हवेत उडवून नाचतं. पूर्वी हे बघायला आम्ही दहा जण आणि एक कुत्रा असायचो. अलीकडे शहरातून लोक येऊ लागले होते. घडीच्या खुर्च्या, दुर्बिणी, लोकरीच्या टोप्या घातलेली तान्ही बाळं. हिल्डिंगने ठरवलं, यंदा असा सोहळा करायचा की इल्वाला आपोआप उत्तर सुचावं.

तीन आठवडे तो गायींना ब्रश करत होता. मैर्ता, जी चर्चनंतरच्या कॉफीचं टेबल तीस वर्षं सांभाळते, तिने दालचिनीचे पाचशे बन भाजले. तिनेच विषय काढला. ओट धान्यापासून करतात ते दूध चार-सहा डबे आणून ठेव म्हणाली, गेल्या वर्षी बऱ्याच जणांनी मागितलं होतं.

"ओट मी गायींना घालतो," हिल्डिंग म्हणाला. "गाय ते खाते आणि दूध देते. यांनी मधली गायच काढून टाकली."

"दलाल नको असतो लोकांना," मैर्ता म्हणाली.

"गाय दलाल?"

"मी नाही म्हणत. जग म्हणतं."

"मग जगाने आपल्या घरून कॉफी पिऊन यावं," असं म्हणून त्याने चाळीस लिटरचा स्टीलचा कॅन लख्ख घासून टेबलापाशी ठेवला. त्यात त्या पहाटेचं दूध. दुसरं काही नाही.

शनिवारी ऊन पडलं. आमच्याकडे एप्रिलात ऊन पडणं हीच मुळात बातमी असते. चारशेच्या आसपास माणसं आली. मी गाड्या लावून घेण्याच्या कामावर होतो. शेवटच्या वीस गाड्या मी कब्रस्तानाच्या भिंतीशी लावल्या, तिथल्या मंडळींनी तक्रार केली नाही.

अकराला हिल्डिंगने दार उघडलं. मायरूस पहिली बाहेर आली, उंबऱ्यावर थांबली, तिने हवा हुंगली, आणि वयाच्या बाराव्या वर्षी, दुखऱ्या पायासकट, अशी उडी मारली की लोकांच्या तोंडून एकदम आवाजच निघाला. मागून तीस जणी. शेपट्या उभ्या, कासा हेलकावत, एकमेकींना ढुश्या देत त्या कुरणभर उधळल्या. एक दाढीवाला गृहस्थ हमसून रडत होता. त्याच्या शर्टवर गायीचं चित्र होतं.

हिल्डिंग गायींकडे बघतच नव्हता. तो इल्वाकडे बघत होता. आणि इल्वा हसत होती, टाळ्या पिटत होती, दहा वर्षांची असताना हसायची तशी. मी त्याच्या बाजूलाच उभा होतो. त्याने टोपी काढून पुन्हा घातली. हिल्डिंगच्या बाबतीत हा जल्लोष होता.

मग लोक कॉफीकडे वळले.

पहिल्या बाईंनी ओटचं आहे का विचारलं. मैर्ताने कॅनकडे हात दाखवला. बाई फार सभ्यपणे, मग काळीच चालेल म्हणाल्या. दुसऱ्याला सोयाचंही चाललं असतं. तिसऱ्या बाईंनी आपल्या पोटाची हकीकत सांगितली, ती जरा लांबली. चौथा तो रडणारा दाढीवाला. त्याने गायींबद्दल असलेल्या प्रेमापोटीच गायीचं दूध सोडलं होतं, आणि आज आपला निर्णय किती बरोबर होता हे कळलं, असं तो हिल्डिंगचा हात हातात घेऊन म्हणाला. हिल्डिंगने मान डोलावली.

रांग तुंबली. कोणी भांडलं नाही. आमच्याकडे रांगेत भांडत नाहीत, नुसतं एका पायावरचं वजन दुसऱ्या पायावर घेतात. चारशे माणसं तसं करू लागली की ते बघवत नाही. एवढ्यात इल्वा आपल्या गाडीकडे गेली आणि डिकीतून तीन मोठी खोकी घेऊन आली. ओटच्या पेयाची. रांग हलली, बन संपले, सगळे खूश झाले. मैर्ताने झाकणं फिरवता फिरवता एकदा हिल्डिंगकडे पाहिलं आणि मग पुन्हा पाहिलं नाही.

दोनपर्यंत कुरणाच्या कडेला फक्त चाकांचे माग उरले. कॅन मी आणि हिल्डिंगने उचलला. भरलेला कॅन उचलायला दोन माणसं लागतात आणि आम्हाला दोन माणसं लागली. तो गोठ्याच्या दारात ठेवून हिल्डिंग त्याच्याच झाकणावर बसला. इल्वा समोर उभी राहिली. मी जायला निघालो तर त्याने बाही धरली, म्हणून मला हे माहीत.

"तुला ठाऊक होतं लागणार म्हणून," तो म्हणाला.

"मैर्ताने फोन केला होता."

"बरं झालं. लोकांचं अडलं असतं." मग थोड्या वेळाने, "पण लोक आले तर खरे. चारशे."

"पप्पा, ते उड्या बघायला आले."

इल्वाने खिशात हात घातले, काढले, परत घातले. मग तिने एका दमात सांगून टाकलं. तिला साडेचारला उठायचं नाही. आईला उठताना तिने पाहिलं होतं. आणि आणखी एक गोष्ट होती.

"माझ्या घरी तीन वर्षं झाली, दूध नाही. मुलांना ओटचंच आवडतं. मलाही आता सवय झाली."

"पण मी दर खेपेला दुधाचा छोटा कॅन देतो तो?"

"खालच्या मजल्यावरच्या बाईंना देते."

हिल्डिंगने यावर विचार केला. "म्हणजे त्या तरी पितात."

इल्वाने कुरणाकडे पाहिलं. ती खोटं बोलू शकली असती. पण बापाचीच मुलगी ती. "त्यांची मांजरं पितात," ती म्हणाली.

एक गाय लांबून हंबरली.

"धष्टपुष्ट असतील मांजरं," हिल्डिंग म्हणाला.

इल्वा रडायला लागली. तो उठला, आणि बिथरलेल्या गायीच्या मानेवर थोपटतात तसं त्याने तिला थोपटलं. माणसांना थोपटायची दुसरी रीत त्याला येत नव्हती. मग धारांची वेळ झाली.

जूनची एक तारीख सहीविना आली आणि गेली, टँकर उन्हाळ्यापुरता तेवढा येत राहिला. सप्टेंबरात दोन गाड्या आल्या. पहिलीत तरण्या गायी हाल्लांडच्या एका मोठ्या गोठ्याकडे गेल्या, जिथे धारा यंत्रमानव काढतो. दुसरीत मायरूस आणि आणखी आठ जणी. ती गाडी कुठे गेली हे गावात कोणी विचारलं नाही. इल्वा सुटी काढून आली होती, दोर तिनेच सोडले. टँकरवाल्याने, तो जरा हळवा गडी आहे, शेवटच्या दिवशी भोंगा वाजवला. रिकाम्या अंगणात तो फार मोठा वाटला, तेव्हा त्याने तो मध्येच थांबवला.

शेवटच्या धारेचं दूध हिल्डिंगने पिशव्या भरभरून फ्रीजरमध्ये ठेवलं. काटकसरीने प्यायलं तर ते जानेवारीपर्यंत पुरलं.

जानेवारीत एका मंगळवारी मी दुकानात गेलो तर हिल्डिंग दुधाच्या कपाटासमोर उभा. काच उघडी, थंड हवा बाहेर, आणि तो हात मागे बांधून. एक्काहत्तर वर्षांत त्याने दूध विकत घेतलं नव्हतं. लाल खोकं, हिरवं खोकं, निळं, पिवळं. मग ओट, बदाम, वाटाणा. वाटाण्यापाशी तो थबकला असावा. कपाट उघडं राहिलं म्हणून यंत्र टिंगटिंग वाजत होतं आणि गल्ल्यावरची मुलगी मान लांब करून बघत होती, पण ओरडायला तिला धीर होत नव्हता.

मी त्याला लाल खोकं घे म्हटलं. लाल म्हणजे साय न काढलेलं, त्यातल्या त्यात तुझ्या दुधासारखं.

"कोणाचं आहे?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, कोणाचं म्हणजे काय, संघाचं. शंभर गोठ्यांचं एकत्र असणार.

"तेच," तो म्हणाला. "पहिल्या घोटाला मी आमच्या गायींना शोधणार. त्या तर नसणार त्यात."

मग त्याने हात पुढे केला आणि ओटचं खोकं उचललं. उलटंपालटं करून, चष्मा कपाळावर ढकलून त्याने मागचं सगळं वाचलं, पत्र वाचावं तसं. कपाटाची काच लावली. टिंगटिंग थांबली.

"यात शोधायला कोणी नाही," असं म्हणत तो गल्ल्याकडे निघाला. मुलीने त्याला पिशवी हवी का विचारलं. नको म्हणाला, खोकं कोटाच्या आतल्या बाजूला धरलं आणि बाहेर बर्फात पडला. संध्याकाळी त्याच्या स्वयंपाकघरातला दिवा दिसला म्हणून मी डोकावलो. पेला समोर भरलेला होता. मी चव विचारली.

"गायींना आवडलं असतं," हिल्डिंग म्हणाला, आणि तो पूर्ण प्यायला.