तक्रारवहीतलं कोरं पान

माझी आत्या सत्तावीस वर्षं एका लॅबमध्ये रक्त काढायची. ज्यांची शीर कुणालाच सापडत नाही, अशी माणसं तिच्याकडे पाठवली जायची. कोपराच्या खळग्यात दोन बोटं टेकवून ती गप्पा मारत राहायची आणि समोरचा "कधी टोचणार?" विचारेपर्यंत कापूस दाबून मोकळी व्हायची.

आम्ही पुलापलीकडचे. शहरात एवढं सांगितलं की पुढचं लोक आपणच ठरवतात: भांडखोर, अस्वच्छ, हातचलाख. आत्याला रोज काहीतरी ऐकायला मिळायचं. कुणी हसत म्हणायचं, "पुलापलीकडच्या? मग पाकीट सांभाळायला हवं!" कुणी कौतुकानं म्हणायचं, "तुम्ही तिकडच्या वाटत नाही हो!" आत्या हसून सोडून द्यायची. घरी आल्यावर मात्र भांडी जरा जास्तच आपटायची. माझे बाबा विचारायचे, "त्या पातेल्यानं तुझं काय घोडं मारलंय?"

अशातच लॅबमध्ये एक नव्या ताई कामाला लागल्या. तिशीतल्या, अबोल, हलक्या हाताच्या. त्याही पुलापलीकडच्याच, आमच्यापासून दोन गल्ल्यांवर राहणाऱ्या. एका सकाळी कुणीतरी त्यांना तोच पाकिटाचा विनोद ऐकवला. बाकावरची सगळी रांग हसली, आणि सवयीनं आत्याही हसली. नव्या ताईंनी तिच्याकडे एकदाच पाहिलं. नजरेत राग नव्हता. "अच्छा, तुम्हीसुद्धा?" एवढंच होतं.

"कुणी कानाखाली वाजवली असती तरी परवडलं असतं," आत्या सांगते. "मी हसून हसून त्या विनोदाला मोठं केलं होतं."

दुसऱ्या दिवसापासून तिनं हसणं बंद केलं. भांडणही केलं नाही. असं काही कानावर आलं की सुई खाली ठेवायची आणि विचारायची, "म्हणजे? मला कळलं नाही. जरा नीट सांगता?" एवढंच. मग समोरच्याची जी तारांबळ उडायची! "नाही हो, तसं नाही, आपलं सहज..." म्हणत माणूस जो भरकटायचा, तो स्वतःच गप्प व्हायचा. एका बाईंनी मात्र थोडं थांबून सरळ सांगितलं, "चुकलंच माझं." आत्यानं त्यांचा हात थोपटला आणि बाईंना कळायच्या आत रक्त काढलं.

खरा प्रसंग आला तो साहेबांच्या वेळी. साहेब म्हणजे मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, दर महिन्याला येणारे गृहस्थ. उपाशीपोटी आले की आधीच वैतागलेले. त्या दिवशी नव्या ताईंनी त्यांच्या दंडाला रबरी पट्टा बांधला आणि बोलता बोलता त्या कुठे राहतात ते निघालं. साहेबांनी हात मागे घेतला.

"दुसरं कुणी नाही का? त्या वस्तीतल्या माणसाचा हात नको मला."

नव्या ताईंनी हातातली सुई ट्रेमध्ये ठेवली. आत्या पडद्याआडून बाहेर आली.

"साहेब, दुसरं कुणी म्हणजे मीच. गेली बारा वर्षं तुमचं रक्त मीच काढतेय. मीही त्याच वस्तीतली."

"तुमची गोष्ट वेगळी."

"वेगळी कशी? जरा नीट सांगा."

साहेब ताडकन उठले आणि तडक डॉक्टरांच्या खोलीत गेले. लॅब डॉक्टरांचीच होती. माणूस वाईट नव्हता, पण गिऱ्हाईक तुटायला नको म्हणून कुणाचंही मन राखणारा. त्यांनी आत्याला बोलावलं. "ताई, विषय वाढवू नका. माफी मागून टाका."

"मागते की. पण कशाबद्दल, ते साहेबांनी तक्रारवहीत लिहून द्यावं. ते काय म्हणाले आणि मी काय म्हणाले, शब्दाला शब्द."

डॉक्टरांनी वही पुढे केली. साहेबांनी ऐटीत पेन उघडलं, तारीख टाकली आणि थांबले. पेन कागदावर टेकलेलं, पण शब्द काही उतरेना. बोलताना सहज निघालेलं वाक्य स्वतःच्या अक्षरात, खाली सही करून लिहायचं म्हटल्यावर जड झालं. मिनिटभरानं त्यांनी पेनाचं टोपण लावलं, वही मिटली आणि निघून गेले.

ते परत आलेच नाहीत. बाहेर म्हणे त्यांनी लॅबची बरीच बदनामी केली. डॉक्टर आठवडाभर घुश्शात होते. पण पुढे एकदा एका माणसानं काउंटरवरच पुलापलीकडच्यांवर तोंड सोडलं, तेव्हा आत्यानं काही म्हणायच्या आत डॉक्टरच खोलीतून बाहेर आले. चष्मा पुसत म्हणाले, "म्हणजे काय? मला कळलं नाही." नव्या ताईंना हसू आवरेना. त्या दिवशी त्यांनी स्वतःचा डबा उघडून पहिला घास आत्यापुढे धरला.

साहेबांचा तो प्रसंग आत्यानं घरी सांगितला तेव्हा बाबा काळजीनं म्हणाले होते, "अगं, नोकरी गेली असती तर?"

आत्या आमच्या उंबरठ्यावर बसली होती, पाय पसरून, निवांत. तिनं आपले दोन्ही हात उलटसुलट करून पाहिले.

"गेली असती तर दुसरी धरली असती, दादा. हे हात काय डॉक्टरांनी ठेवून घेतले असते?"