सुमनबाईंचं नाव घेतलं नाही

कुंभार पिंपळगाव, शनिवार, ७ मे १९७७

दोन महिने वहीला हात लावला नाही, याची लाज वाटते. आधी शाळेच्या परीक्षा, मग भाचीचं, शोभाचं लग्न… आणि आज लिहायला बसले तेही डोक्यातला गुंता सुटत नाही म्हणून.

परवा इथे ताईच्या दारात लग्न झालं. वरपक्ष केदारखेड्याचा. त्यांच्या बायकांची पंगत बसली, की मुलीकडच्या बायकांनी एकेकीचं नाव घेऊन गाण्यातून शिव्या द्यायच्या, ही आमच्याकडची रीत. मला ती कधीच आवडली नाही. मागच्या वर्षी शेजारच्या मांडवात एका बाईला मूल नाही, यावरून कोणीतरी कडवं जोडलं… ती भरल्या ताटावरून उठली. त्या दोन घरांचं बोलणं अजून बंद आहे.

म्हणून आमच्या गंगूमावशीला मी आधीच बाजूला घेतलं. गाणी तीच म्हणते आणि तिच्या तोंडाला लगाम नाही. नवरदेवाची आत्या, सुमनबाई, हिला नवऱ्याने टाकलेलं. ती भावाकडेच राहते आणि घर तिच्या शब्दावर चालतं. शोभाला तिच्या हाताखाली दिवस काढायचेत. सुमनबाईंबद्दल एक शब्दही नको, असं मावशीला बजावलं. तिने मान डोलावली.

पंगत रंगली. साखर पुरेशी मिळाली नव्हती म्हणून लाडू गुळाचे. मावशीने तेच धरलं…

"विहीणबाई रुसल्या, खांबाला टेकून बसल्या,
गुळाचा लाडू दिसला, अन् गालातच हसल्या!"

पुढची कडवी मला इथे लिहवत नाहीत. पण विहीणबाईंना हसून हसून ठसका लागला. मग त्यांच्या जावा, मुली, भावजय… सगळ्यांची नावं झाली. गाणी संपली.

सुमनबाई ताटावरून उठल्या. लाडू तसाच.

मी तांब्या घेऊन मागे धावले. हातावर पाणी घालताना त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "समद्यायला शिव्या भेटल्या, मलाच न्हाई. मी काय या लग्नातली न्हाई का, बाई?"

मी काय झाकलं, ते त्यांना कळलं होतं. बहुतेक सगळ्या पंगतीलाच कळलं असेल… म्हणजे जे कोणी बोललं नाही, ते मीच सगळ्यांना ऐकवलं का? पण मग शेजारच्या मांडवातली ती बाई? तिला तर बोललेलंच लागलं होतं.

आज मावशीपाशी विषय काढला, तर ती चिडलीच. "तूच म्हणलीस, गप ऱ्हा. आता मलाच इचारून राह्यलीस?"

मग ज्वारी निवडता निवडता थांबली. "सोमवारी पोरीला न्यायला तीच येणार हाये ना? जेवायला बसू दे बराबर. नवऱ्याचं सोडून तिची एखादी खोड सांग मला, मंग घेते तिचं नाव गाण्यात."

हे बरोबर, की पुन्हा चूकच, मला खरंच कळत नाही. कडवट शब्दांची मला आयुष्यभर भीती वाटली. आता गप्प राहण्याचीही वाटू लागली आहे…

उद्या: शोभा माहेरी आली, की तिला बाजूला घेऊन सुमनबाईंची एखादी गमतीची खोड विचारणे.