आवडली म्हणून नावं ठेवली

आमच्या घरात वस्तू आवडली की आधी तिला नावं ठेवायची, हा बाबांचा कायदा. त्यांचं अर्धं आयुष्य बैलबाजारात गेलं. तिथे आवडलेल्या जनावराकडे सरळ बघायचंसुद्धा नसतं. भलत्याच बैलाच्या पाठीवरून हात फिरवायचा आणि जाता जाता आवडत्याबद्दल विचारायचं, ‘हा लंगडून राहिला का जी?’ याच पद्धतीने त्यांनी पुढे कूलर घेतला, शिलाई मशीन घेतली; एवढंच काय, मला कॉलेजात घालताना ते प्राचार्यांना भिंतीला पडलेली चीर दाखवून आले होते. आता मी स्वतः अमरावतीच्या एका कॉलेजात शिकवते. पगार माझा, लायसन माझं, तरी छोटी एसयूव्ही घ्यायची ठरली तेव्हा सौदा बाबाच करणार हे गृहीत होतं.

गाडी हवी होती ती आईसाठी. आमची जुनी गाडी इतकी बुटकी की आई तिच्यात बसत नाही, पडते. उतरताना दोघांनी दोन हात धरून, ओल्या वावरातून भुईमूग उपटावा तशी तिला उपटावी लागते. मागे एकदा मूर्तिजापूरला मोठ्या मावशीच्या दारात ही उपटाउपटी चालू असताना समोरच्या ओट्यावरची बाई फिसकन हसली. झालं. बहिणीच्या दारात माझ्या पायांनी उतरेन, नाहीतर जाणारच नाही, असं आईने जाहीर केलं. बसच्या आणि रेल्वेच्या पायऱ्या तिच्या गुडघ्यांना झेपत नव्हत्या. मावशी वयाने बरीच मोठी, तीही घराबाहेर पडत नाही. दोघी रोज फोनवर बोलत, आणि फोन ठेवला की आई बराच वेळ पुसलेलेच डबे पुन्हा पुसत बसे. मला ते बघवत नव्हतं.

अमरावतीच्या शोरूममध्ये गेलो तेव्हा बाहेर ऊन मी म्हणत होतं. टाय लावलेला सेल्समन आम्हाला सगळ्यात आधी सनरूफ दाखवायला लागला. बटण दाबलं, छप्पर सरकलं.

‘छपराले भोक काहून पाडलं बाप्पा?’ आई म्हणाली. ‘अमरावतीत ऊन कमी पडून राहिलं का?’

‘मॅम, फील येतो.’

आईने डोक्यावरचा पदर घट्ट केला आणि मागचं दार उघडून पाठमोरी सीटला टेकली. मग जराशी वळली आणि बसली. पडली नाही, चढावंही लागलं नाही. पुन्हा वळली, पाय टेकले, उभी राहिली. कोणाचा हात नाही, ‘आई गं’ नाही. तिचा चेहरा असा फुलला की मला तिथल्या तिथे सही करावीशी वाटली. बाबांनीही तो चेहरा पाहिला, आणि कडू कारलं चावल्यासारखं तोंड केलं. म्हणजे गाडी त्यांनाही आवडली होती.

‘पाठ आखूड हाय,’ त्यांनी सुरुवात केली. ‘डोळे बारीक. अन् आवाजच नाई, दमाची वाटत नाई.’ रंग तर त्यांना शिळ्या वांग्यासारखा वाटला. सेल्समन म्हणाला की आत्ता बुकिंग करा, गाडी पुढच्या महिन्यात येईल. ‘म्हणजे पाण्यात म्हैस अन् वर मोल!’ बाबा गरजले, आणि त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला.

बैलबाजारात भाव तोंडाने सांगत नाहीत. दुपट्ट्याखाली एकमेकांची बोटं दाबून सांगतात, म्हणजे शेजारच्याला कळत नाही. बाबांनी सेल्समनचा हात धरला, त्यावर दुपट्टा टाकला आणि एकेक बोट दाबायला लागले. सेल्समन आधी गोरामोरा झाला, मग आशेने म्हणाला, ‘सर, तुम्ही ज्योतिष पाहता का? माझं लग्न अडलंय.’

बोलणी इथेच फिसकटली. आता बाबांचा हुकमी एक्का बाकी होता: उठून चालू लागायचं. विकणारा दारापर्यंत हाक मारतोच. आम्ही उठलो, चालू लागलो, दार आलं. हाक आली नाही. बाहेर बाबांनी आम्हाला गाडीत बसवलं आणि मला गाडी सुरू करू दिली नाही. ‘येईल,’ म्हणाले. आम्ही भाजत बसलो. थोड्या वेळाने सेल्समन खरंच धावत आला. बाबांनी मला कोपर मारलं. तो काचेपाशी वाकून म्हणाला, ‘सर, गाडी थोडी बाजूला घेता का? आतून डिलिव्हरी काढायची आहे.’

घरी पोचेपर्यंत आई मागच्या सीटवर गुडघे चोळत होती. दारात तिला उपटून काढल्यावर एवढंच म्हणाली, ‘ते सीट माह्या गुडघ्याले बरोबर होतं.’

आता त्याच शोरूममध्ये परत जाणं म्हणजे नाक कापून घेणं. म्हणून तीच गाडी बघायला आम्ही अकोल्याला निघालो, बुटक्या गाडीतून. मध्ये मूर्तिजापूरचा फाटा आला. आईने तिकडे पाहिलंसुद्धा नाही. तोंड उघडणार नाही, असं बाबांनी तिला वचन दिलं होतं. अकोल्याच्या शोरूममध्ये एक चुणचुणीत मुलगी पुढे आली, तिने गाडी दाखवली, आणि बाबा वचन विसरून म्हणाले, ‘पाठ आखूड हाय.’

‘लक्ष देऊ नको बाई,’ आई त्या मुलीला म्हणाली. ‘मले पाहाले आले तवाबी असंच. माह्या बापाले म्हणाले, पोरगी ठेंगणी हाय. अन् दुसऱ्या दिवशी निरोप, लग्न कधी काढता.’ मग ती मागच्या सीटवर बसली आणि तिने पट्टा लावून घेतला. ‘चाल, फिरवून आण.’

मुलगी म्हणाली, ‘काकू, टेस्ट ड्राइव्ह चौकापर्यंत असते.’

‘चौकापर्यंत तर बैलबंडीबी चांगलीच चालते. मूर्तिजापूर घे.’

ती हसली, पण आई हसत नव्हती. तिने माझ्याकडे पाहिलं, मी बाबांकडे. बाबांना वाटलं आपल्याच बाजूने बोलणं चाललंय. ‘बरोबर हाय,’ ते म्हणाले. ‘आमी बैल घरी नेऊन जुंपून पाहतो, मंग पैसे देतो.’ मुलीने साहेबांना फोन लावला, काय सांगितलं कोण जाणे, आणि आम्ही निघालो.

मावशीच्या दारात गाडी थांबली. मी सवयीने खाली उतरून हात पुढे केला. आईने तो बाजूला सारला. एक पाय, दुसरा पाय, आणि उभी. आधी तिने समोरच्या ओट्याकडे पाहिलं. तिथे कोणी नव्हतं. इतकी मेहनत वाया गेल्यासारखी ती क्षणभर हिरमुसली. तेवढ्यात मावशी काठी टेकत बाहेर आली, आणि दोघी भर गल्लीत एकमेकींच्या गळ्यात पडून रडायला लागल्या. मलाही रडू आलं. शोरूमची मुलगीसुद्धा नाक ओढत होती.

मग आई मावशीला गाडी दाखवायला लागली. ‘पाठमोरी टेक, अन् वळ.’ मावशी टेकली, वळली, बसली. आई पलीकडून बसली. दारं लावली, एसी लावायला सांगितला, आणि दोघींच्या गोष्टी सुरू झाल्या. पोहे आत गेले, ताक आत गेलं, दोघी काही बाहेर येईनात. शोरूमच्या मुलीचा फोन सारखा वाजत होता. ‘सर, कस्टमर अजून गाडीतच आहेत,’ ती सांगत होती. ते खरंच होतं.

बाबा हातात पोह्यांची बशी धरून काचेतल्या दोन पांढऱ्या डोक्यांकडे बघत उभे होते. शेवटी ती मुलगी त्यांच्याजवळ गेली, आणि येईल ते ऐकायच्या तयारीने म्हणाली, ‘बोला काका. काय कमी हाय गाडीत?’ अकोल्यात शुद्ध बोलणारी ती, इथे आमच्यासारखीच बोलायला लागली होती.

बाबांनी तोंड उघडलं. मिटलं. मी वाट बघत होते, आता पाठ येणार, मग डोळे, मग वांगं.

‘काही नाई,’ ते म्हणाले. ‘चांगली हाय.’

हे मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होते. माझी नोकरी, माझं घर, आईचा स्वयंपाक, कशालाच त्यांनी असं म्हटलं नव्हतं. मला इतका आनंद झाला की भाव करायचा राहिला हे माझ्या लक्षातच आलं नाही.

मागची काच सरकन खाली आली. आईने डोकं बाहेर काढलं. ‘काय म्हणाले? पुन्हा म्हणा बरं.’

बाबांनी पुन्हा म्हटलं, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.