एव्हिस आणि घेवड्याच्या हंडीचं झाकण

एव्हिस लुकच्या घरी मागच्या दाराने जायचं. पुढचं दार कुणासाठी आहे, ते तिलाही ठाऊक नाही. मागे काचेची पडवी, तिथे एक लांब टेबल, आणि टेबलावर केक भाजायचा वाट्यावाट्यांचा पत्रा. केक त्यात कधी भाजला गेला नाही. पाणबुड्यांचं रेग्युलेटर उघडलं की त्याचे भाग ती क्रमाने त्या वाट्यांमध्ये ठेवते: स्प्रिंग इथे, रबरी कडी तिथे, जाळी शेवटच्या वाटीत. जोडताना उलट्या क्रमाने उचलायचं. एक जरी वाटी भरलेली राहिली, तर चहा नाही आणि बोलणंही नाही.

आमच्या कार्व्हर्स कोव्हमधली माणसं डिसेंबरात स्कॅलप शिंपले वेचायला समुद्रात उतरतात. अमेरिकेतल्या मेन राज्याच्या या किनाऱ्यावर त्या दिवसांत दोरसुद्धा गोठून काठीसारखा होतो. अशा पाण्यात माणूस टाकीतल्या हवेवर जगतो, आणि ती हवा त्याच्या तोंडापर्यंत आणतं ते रेग्युलेटर. टाकीच्या मानेला एक भाग, तोंडात धरायला दुसरा, मधे नळी. थंडीत आत बर्फ धरला की हवा थांबत नाही, उलट भसाभसा सुटते, आणि टाकी बघता बघता रिकामी होते.

एव्हिस पूर्वी तारलीच्या कारखान्यात होती. कात्रीने माशांची डोकी-शेपट्या उडवून डबे भरायची. कारखाना बंद पडला तेव्हा बाकीच्या बायका रडल्या. ही कात्री धुऊन घरी घेऊन आली आणि रेग्युलेटर दुरुस्तीचं शिकायला गेली. "बोटांना काहीतरी बारीक हवं असतं," एवढंच म्हणाली. आज गावातला एकही पाणबुड्या आपलं रेग्युलेटर तिच्या हाताखालून गेल्याशिवाय हिवाळ्यात पाण्यात उतरत नाही.

डेलमाँट फॉल्किंगहॅम माझा पाचवीतला विद्यार्थी. आता त्याच्या दाढीत पांढरं आलंय. गेल्या मार्चमध्ये बेटामागे तळाशी असताना त्याचं रेग्युलेटर असंच सुटलं. शेवटच्या हवेवर तो वर आला. होडीत पडल्यावर पहिलं वाक्य बोलला ते असं: "शिंपल्यांची पिशवी खालीच राहिली रे!" त्याची बायको कॉरिन हे ऐकून हसली, आणि मग आठवडाभर त्याच्याशी बोलली नाही.

नोव्हेंबरात तो रेग्युलेटर घेऊन एव्हिसकडे आला, तेव्हा मी पडवीत लोकर गुंडाळत बसले होते.

"साफ कर आणि दे," तो म्हणाला. "मोसम उघडतोय."

"आणि हे?" एव्हिसने टेबलावरचं दुसरं पुढे सरकवलं. "याची स्प्रिंग बंदिस्त आहे, समुद्राचं पाणी तिला शिवत नाही. तुझ्याची उघडी. थंडीला हेच बरं."

"पाच पिढ्यांच्या बोटीला इंजिन बसवल्यासारखं दिसतंय ते. नको."

"दिसण्यावर जातोस? मग आरशात स्वतःला बघून लग्नाला कसा उभा राहिलास?"

"कॉरिनला विचार. तिनेच डोळे मिटले होते."

तो हसला, पण हात जुन्यावरून काढला नाही. मला कारण ठाऊक होतं, एव्हिसलाही होतं. ते रेग्युलेटर कॉरिनच्या वडिलांचं. त्यांनीच डेलमाँटला पाण्यात उतरायला शिकवलं, आणि जाताना ते त्याच्या हातात दिलं. त्या घरात ते बदलायचं म्हणजे म्हाताऱ्याची खुर्ची अंगणात टाकण्यासारखं होतं.

तो गेल्यावर एव्हिसने ते उघडलं. जाळी बाहेर आली ती गंजून हिरवी झालेली. तिने नळी सोडवून पांढऱ्या फडक्यावर झटकली. फडक्यावर मीठ पडलं.

"बाई," ती मला म्हणाली, "गेल्या वर्षी हे मी स्वतः आतून लख्ख करून दिलं होतं. बाहेरून बघा, आरसा आहे. आणि आत समुद्र."

"म्हणून गोठलं?"

"आत पाणी असलं तर गोठणारच. मी आज पुसून देईन. पण पाणी शिरतंय कुठून ते कळलं नाही, तर हा पुन्हा खाली जाईल आणि पुन्हा गोठेल. नवीन दिलं तर तेही गोठेल."

तिने डेलमाँटला फोन लावला. "धुताना टाकीकडच्या तोंडाला टोपी लावतोस ना?"

"कॉरिन धुते. टोपी लावते, वर फडकंही बांधते. तिच्या बापाचं आहे ते!"

एव्हिसने जाळी शेवटच्या वाटीत ठेवली. मग म्हणाली, "शनिवारी घेवडा आहे का तुमच्याकडे?"

"शनिवार आहे म्हणजे घेवडा आहे."

"मग मी आणि बाई येतो."

शनिवारी कॉरिनची हंडी सकाळपासून भट्टीत होती. घेवडा, काळा ब्रेड, लाल सॉसेज, मुळ्याचं लोणचं. एव्हिसने दोनदा वाढून घेतलं. जेवण झाल्यावर तिने पिशवीतून रेग्युलेटर काढलं.

"कॉरिन, तू हे कसं धुतेस ते दाखव. तुझ्याइतकं स्वच्छ गावात कुणाचं नसतं."

कॉरिन खूश झाली. बेसिनमध्ये कोमट पाणी भरलं, टोपी घट्ट केली, नळी हळूच बुडवली. नळी तरंगून वर आली. तिने सवयीने हात लांबवला, घेवड्याच्या हंडीचं लोखंडी झाकण उचललं आणि तोंडाकडच्या भागावर ठेवलं.

"रात्रभर असंच," ती म्हणाली. "तूच सांगितलं होतंस ना, रात्रभर भिजवायचं म्हणून."

झाकणाखालून बारीक बुडबुडे येत होते. एव्हिसने ते पाहिले, मी पाहिले. डेलमाँट ब्रेडने ताटली पुसत होता.

एव्हिस उठून कॉरिनच्या शेजारी उभी राहिली. "हे बुडबुडे कसले गं?"

"नळीतली हवा."

"ती बाहेर येतेय. मग तिच्या जागी काय जातंय?"

कॉरिनने झाकण उचललं. खाली मधलं बटण होतं, तेच दाबलं की हवेची वाट उघडते. टाकीचा जोर नसताना ती वाट पाण्यालाही उघडी असते, आणि बेसिनमध्ये सुटलेलं मीठ त्या पाण्याबरोबर आत जातं. तिने झाकण पुन्हा ठेवलं. बुडबुडे आले. उचललं. थांबले.

ती खुर्चीवर बसली. "म्हणजे मी," ती म्हणाली. "मार्चमध्ये. मीच."

डेलमाँटची ताटली खाली ठेवल्याचा आवाज झाला.

"आधी माझं ऐक," एव्हिस म्हणाली. "रात्रभर भिजव हे मी सांगितलं. वर काही ठेवू नको हे सांगितलं नाही. माझ्याकडे खोल बादली आहे, त्यात नळी आपोआप बुडते, म्हणून मला सुचलंच नाही. तेव्हा अर्धं झाकण माझं. आणि दुसरं, तू धुतलं नसतंस तर तुझ्या बापाचं हे यंत्र दहा वर्षांपूर्वीच कुजून गेलं असतं. हेही तितकंच खरं आहे."

मग डेलमाँट म्हणाला, "म्हणजे मी मेलो असतो तर थडग्याच्या दगडावर लिहावं लागलं असतं, याला घेवड्याने मारलं."

कॉरिनने ओला फडका त्याला फेकून मारला. फेकताना ती हसतही होती आणि रडतही होती. त्याने तो तोंडावरून काढला नाही, कारण त्याचेही डोळे तसेच झाले होते.

बऱ्याच वेळाने कॉरिन म्हणाली, "बाबांचं उन्हाळ्यात वापर. होड्यांचे नांगर बघायला. हिवाळ्यात ते बंदिस्तवालं घ्यायचं."

"पण ते तुझ्या बाबांनी..."

"बाबांनी तुला यंत्र दिलं ते तू वर यावास म्हणून. एव्हिस, ते कधी तयार होईल?"

"कधीचंच तयार आहे. याला फक्त तुझं 'हो' हवं होतं."

मोसमाच्या पहिल्या दिवशी आम्ही तिघी धक्क्यावर होतो. डेलमाँटने नवीन रेग्युलेटर तोंडाजवळ नेलं तशी एव्हिस ओरडली, "वर फुंकू नकोस! तुझ्या तोंडाची वाफ आत गोठेल! पाण्यात गेल्यावर पहिला श्वास!"

"हो, आई!" तो ओरडला आणि उडी मारली.

कॉरिन बुडबुड्यांकडे बघत राहिली. एका जागी, सावकाश, एकामागून एक. या वेळी ते जिथून यायला हवेत तिथूनच येत होते. मी तिचा हातमोजा धरून होते, आणि मनातल्या मनात ज्याचे त्याचे आभार मानत होते. त्यांत बंद पडलेला तारलीचा कारखानाही होता.

तो वर आला तो भरलेली पिशवी घेऊन. सगळ्यात मोठा शिंपला त्याने चाकूने उघडला आणि एव्हिसला दिला. तिने तो तिथेच कच्चा खाल्ला आणि म्हणाली, "मीठ बरोबर जागी आहे. बाहेर."

त्या संध्याकाळी मी कॉरिनकडे गेले. स्वयंपाकघरात एव्हिसची खोल बादली होती. हंडीचं झाकण हंडीवर होतं. कॉरिन बाही कोपरापर्यंत वर करून पाण्यात हात घालून बसली होती, बोटांनी नळी हलकेच धरून, बटणापासून दूर.

"अगं, ती आपोआप बुडते. धरायची गरज नाही," मी म्हटलं.

"ठाऊक आहे, बाई," ती म्हणाली, आणि धरून राहिली.