अक्काची वाट आणि माझा बंद आवाज

ही हकिगत मी बरीच वर्षं टाळली. घरात विषय निघाला की मी गोळी घ्यायला उठतो. त्यामुळे मला दिवसातून नेमक्या किती गोळ्या आहेत, हे सुनेला अजून कळलेलं नाही.

दावा माझ्या थोरल्या बहिणीचा, अक्काचा. तिला कुंभिवलीला दिलेली. घरामागची पायवाट दिराच्या खाचरातून तिच्या शेतावर जायची. दिरानं एक दिवस तिथं तारेचं कुंपण घातलं. आता शेत गाठायचं तर ट्रक धावणाऱ्या हमरस्त्यानं लांबचा वळसा, आणि अक्काचे गुडघे तर आधीच कुरकुरत होते.

सुनावणी ऑनलाइन होती. वकील म्हणाले, "कोर्टानं लिंक दिलीय. वाटेचे फोटो तिथं अपलोड करा. ते दोन्ही बाजूंना दिसतात. एकदा जमा केलं की काढता येत नाही, बरं का!"

"माझ्यावर सोडा!" मी म्हणालो. (मी भिसेगावात राहतो आणि विजेचं बिल मोबाइलवर भरतो. आमच्या नात्यात मी शास्त्रज्ञच!)

फोटो काढून झाले. पण माझं तेवढ्यावर कुठलं भागायला? म्हटलं, अक्काची तालीमही घेऊ. तिला ओट्यावर बसवलं आणि व्हिडिओ चालू केला.

"म्हण, लग्न होऊन आले तेव्हापासून रोज याच वाटेनं जाते. एक दिवस खंड नाही."

"आरं, मधी बांध फुटला व्हता. तवा दोन वर्सं रस्त्यानंच जायची की मी."

"ते बोलायचं नाही!"

"का रं? खरं हाय ते."

"अक्का, कोर्ट आहे ते! तिथं जास्त खरं बोलायचं नसतं."

तिनं कुंपणाकडे पाहिलं. मग म्हणाली, "तू शिकलेला. सांगशील तसं." आणि शाळेतल्या पोरीसारखे हात बांधून म्हणाली, "एक दिस खंड नाय."

घरी येऊन मी अपलोड करायला बसलो आणि भलत्याच ठिकाणी बोट पडलं. मोबाइलमधलं सगळंच वर गेलं! वाटेचे फोटो, सुप्रभातची गुलाबाची फुलं, माझ्या रक्तातल्या साखरेचा रिपोर्ट आणि ती तालीम. पडद्यावर आलं, "यशस्वीरीत्या जमा झाले." त्या आनंदात मी दोन जिलब्या खाल्ल्या.

सुनावणीला अक्का खालापुरात वकिलांच्या ऑफिसात होती, मी घरी कॉम्प्युटरसमोर. "तुम्ही फक्त बघा, नाना. आवाज बंद ठेवा," वकिलांनी बजावलं होतं.

अक्कानं पाठ केलेलं वाक्य म्हटलं. समोरचे वकील खाकरले. "साहेब, अर्जदारांच्या भावाची साखर फार वाढलीय, त्यांनी जपावं. आता हा व्हिडिओ पाहावा."

सगळे हसले. व्हिडिओ लागला, मग कुणी हसलं नाही.

"बाई, हा शिकवणारा आवाज कुणाचा?" न्यायाधीशांनी विचारलं.

अक्कानं पदर सावरला. "नाय वळखत, साहेब."

पढवल्याशिवाय ती खोटं बोलली, ते तेवढं एकच.

"भाऊही दिसतायत इथं. तुम्ही ओळखता का हा आवाज?"

एक बटण दाबायचं होतं. जन्मभर बायको मला गप्प बसा म्हणत आली, तिचं मी कधी ऐकलं नाही. त्या दिवशी मात्र मी कानाला हात लावून 'ऐकू येत नाही' अशी खूण केली!

दावा फेटाळला. गावात अक्का खोटारडी ठरली. वकील नंतर मला म्हणाले, "अहो, ती दोन वर्षं सांगितली असती तरी काही बिघडत नव्हतं."

त्यानंतर ती भारा डोक्यावर घेऊन हमरस्त्यानंच जायची. गेल्या वर्षी ती गेली, तेव्हा दिरानं स्वतः तार कापली आणि तिला त्या वाटेनं तिच्या शेतावर अग्नी द्यायला नेलं. खांदा द्यायला मी पुढे होतो. वाट फारच जवळची निघाली.

त्याच्या थोडं आधी मी माफी मागायचीच असं ठरवून कुंभिवलीला गेलो होतो. अक्कानं चहा ठेवला. मी "अक्का..." म्हणालो आणि अडकलो.

ती हसली. "बोल की रं, नाना. आवाज बंद हाय का?"

मी म्हणालो, "चहात साखर कमी आहे."

माझी साखर किती, हे सगळ्या कोर्टाला माहीत होतं, तिलाही होतं. तरी ती गुडघ्यांवर हात रोवून उठली आणि डबा आणायला आत गेली.